मंजूर न झालेली सायकल

आमच्या घरमालकांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी व्हर्नियर असायचं. व्हर्नियर म्हणजे जाडी मोजायचं ते स्टीलचं साधन. आमच्या तळोद्याच्या शाळेत ते एकच होतं आणि हरवू नये म्हणून कपाटात कुलूप लावून ठेवलेलं असे. दहावीपर्यंत मी ते फक्त चित्रात पाहिलं. पुढे शिकून घराण्यातला पहिला पदवीधर झालो आणि सुरतेत मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागलो. डिंडोलीत खोली बघायला गेलो तेव्हा एका गृहस्थांनी दार उघडलं, खिशातून व्हर्नियर काढलं आणि माझ्या ट्रंकेच्या कडीची जाडी मोजली. मला तिथेच वाटलं, आपण योग्य घरी आलो.

कडीनंतर त्यांनी टेप आणून सगळी ट्रंक मोजली. मग जिना मोजला.

"बसेल," ते म्हणाले.

मी ट्रंक उचलली.

"थांबा. बसतं म्हणजे चालतं असं नाही. वळणावर अडकेल."

ट्रंक वळणावर अडकली. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी स्वतः खालून जोर लावून ती वर चढवायला मदत केली. "बसतं म्हणजे चालतं असं नाही" हे वाक्य नंतर मी त्यांच्या तोंडून चपलांबद्दल, कवळीबद्दल, भाचीला सांगून आलेल्या स्थळाबद्दल आणि केंद्र सरकारबद्दल ऐकलं. मी त्यांना काका म्हणू लागलो, त्यांच्या पत्नीला काकू.

काका वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. डिंडोलीच्या भाजीबाजारात त्यांना अजून "तोलमापवाळा साहेब" म्हणत. ते दिसले की भाजीवाल्यांचे काटे आपोआप सरळ होत. एखादी बाई घाबरून एक वांगं जास्त टाकायची. काका ते वांगं उचलून परत टोपलीत ठेवायचे. "जास्त देणं हीसुद्धा चूकच आहे," असं तिला समजावून सांगायचे, आणि मागे रांग वाढत जायची. काकू म्हणायच्या, "यांच्याबरोबर भाजीला गेलं की भाजी बरोबर मिळते, पण स्वयंपाक संध्याकाळी होतो."

मी त्यांचा फार ऋणी आहे. शाळेतला माझा पहिला अर्ज त्यांनी पाच वेळा लिहून घेतला. पाचव्या वेळी त्यात फक्त तीन ओळी उरल्या आणि तो मंजूर झाला. कुठलीही गोष्ट आधी मोजावी आणि मग बोलावं, हे मी त्यांच्याकडून शिकलो. मोजत राहिलं की बोलायची आणि करायची वेळ टळते, हेही त्यांच्याचकडून शिकलो, पण ते त्यांनी मुद्दाम शिकवलं नाही.

काकांना साखरेचा आजार होता. त्यांच्या थोरल्या भावालाही होता आणि त्या भावाचा उजवा पाय घोट्यापासून काढावा लागला होता. काकूंनी दिराचं ते सगळं जवळून पाहिलं होतं. त्यामुळे रोज संध्याकाळी त्या काकांना खुर्चीत बसवायच्या आणि त्यांचे तळवे उजेडात धरून पाहायच्या. "मुंग्या येतात का?" असं विचारायच्या. काका म्हणायचे, "येतात, पण मर्यादेत." काकूंचा चेहरा त्यावर काळवंडायचा. त्या घरात टीव्ही, पाहुणे, सण सगळं होतं, पण खरी काळजी एकच होती, ती म्हणजे ते दोन पाय.

गल्लीतल्या डॉक्टरांनी साधा उपाय सांगितला होता. "साहेब, रोज अर्धो कलाक चालो." रोज अर्धा तास चाला. काका दवाखान्यातून रागावून परत आले.

"मी विनाकारण चालणारा माणूस नाही," ते म्हणाले. "नोकरीत मैलोन्‌मैल फिरलो, पण तपासणीसाठी. ते तलावाकाठी पांढरे बूट घालून गोल गोल फिरणारे पाहिलेत? कुठून निघाले, तिथेच पोचतात. सरकारी खात्यात असं केलं असतं तर प्रवासभत्ता मिळाला नसता."

पुण्याला राहणाऱ्या त्यांच्या मुलाने मग सायकल पाठवली. सायकलीला चालणं म्हणता येणार नाही, असा त्याचा हिशेब. जाड टायरची, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक असलेली झकास सायकल होती. डिस्क ब्रेक म्हणजे चाकाच्या मधोमध स्टीलची एक पातळ चकती असते आणि ब्रेक दाबला की चिमट्यातल्या दोन पट्ट्या ती चकती दोन्ही बाजूंनी पकडतात. मोटरसायकलला असतात तसेच. काकूंनी सायकलीला कुंकू लावलं. काकांनी पुढचं चाक उचलून फिरवलं, कान लावला आणि म्हणाले, "घासतंय."

खरोखरच बारीक सूं असा आवाज येत होता.

"थोडं चालवलं की जाईल," मी म्हणालो.

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी दगडाचं वजन वापरताना पकडला गेलो होतो. मग आत जाऊन त्यांनी लाल दोरा आणला आणि हँडलला बांधला. पूर्वी नापास झालेल्या काट्याला ते अशीच खूण करायचे. "जे मापात नाही ते वापरात नाही," ते म्हणाले. सायकल व्हरांड्यात उभी राहिली.

आता साधा माणूस त्या चिमट्याचे दोन बोल्ट ढिले करून, ब्रेक दाबून धरून, बोल्ट पुन्हा आवळेल. चिमटा आपोआप मध्ये येतो. पण काकांनी आठ दिवस अभ्यास केला आणि निष्कर्ष काढला की दोष मुळात चाकांत आहे. ही जाड चाकं डोंगरासाठी आहेत, डिंडोलीत डोंगर नाही, तेव्हा चाकं बदलली पाहिजेत. मुलाने फोनवर कपाळाला हात लावला असावा, पण चाकं पाठवली. सडपातळ, काळी, देखणी चाकं.

ती बसेनात. जुन्या चाकाची चकती सहा बोल्टांनी लागत होती आणि नव्या चाकाला बोल्टांची भोकंच नव्हती. तिथे दातेरी खाच होती, वरून एक रिंग आवळायची. शिवाय सायकलीचा आस बारीक, नव्या चाकाचं भोक मोठं. आमच्याकडे लग्न जमवताना घर, शिक्षण, रंग सगळं जुळतं आणि मग मामाकडून काहीतरी निघतं, तसं झालं. काका खचले नाहीत. उलट निवृत्तीनंतर त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच तेज आलं. त्यांना तपासणी मिळाली होती.

दुसऱ्या दिवसापासून काका सायकल घेऊन निघाले. घेऊन म्हणजे हाताने ढकलत. बसून जाणं शक्य नव्हतं, कारण लाल दोरा होता. रिक्षात किंवा टेम्पोत घालणं मंजूर नव्हतं, कारण धक्क्याने चकती वाकते. म्हणून एका हातात हँडल, खांद्यावर नवं चाक, खिशात व्हर्नियर, असे ते उधन्याच्या सायकल-दुकानांपर्यंत आणि कधी थेट सुरत स्टेशनपर्यंत पायी जायचे. दुकानात चाक काढलेलं असताना कोणी ब्रेक दाबला तर चिमट्यातल्या पट्ट्या आवळून बसतात, म्हणून त्या दोन पट्ट्यांमध्ये ते स्वतःचं जुनं व्हिजिटिंग कार्ड घडी घालून खोचून ठेवायचे. "निरीक्षक" हा शब्द बाहेर दिसेल अशी घडी असायची.

सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर जायचो. सुरतेचा दुकानदार गिऱ्हाइकाला कधी नाही म्हणत नाही. त्याच्याकडे प्रत्येक अडचणीवर दोन शब्दांचं औषध असतं.

"चाली जशे, काका," पहिला दुकानदार म्हणाला. चालून जाईल.

"चाली जशे म्हणजे किती?" काकांनी विचारलं.

"एटले?"

"म्हणजे किती मिलिमीटर चाली जशे?"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली. मग त्याने उत्साहाने एक मोठी चकती काढली. "आ लो, मोटी छे. ब्रेक वधारे लागशे." म्हणजे ब्रेक जास्त लागेल.

"मोठी चकती या चिमट्यात शिरेल कशी?"

"थोडुं घसी नाखीए."

"काय घासणार? चकती की चिमटा?"

"जे तमे कहो ते, काका!"

काकांनी त्या दुकानाचं शटर, गल्ला आणि भिंतीवरचं घड्याळ यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्यांच्या हातात अजून अधिकार असता तर तिन्ही जप्त झाले असते. बाहेर आल्यावर म्हणाले, "या शहराने 'चाली जशे' म्हणून जग जिंकलं. पण ब्रेकला ते कसं म्हणणार? ब्रेकचं कामच मुळी चालू न देण्याचं आहे." आणि आम्ही पुढच्या दुकानाकडे चालू लागलो.

हळूहळू एकेक गोष्ट जमली. सहा बोल्टांची चकती दातेरी खाचेवर बसवणारी एक कडी असते, ती मिळाली. आस बारीक करणाऱ्या टोप्या मिळाल्या. नवरात्रात एका सकाळी काकांनी चाक फिरवलं, कान लावला आणि आवाज आला नाही. त्यांनी पुन्हा फिरवलं. मग मला कान लावायला सांगितलं. मग काकूंना. काकूंनी पदराने डोळे पुसले. "दसऱ्याला निघतो," काका म्हणाले. "सीमोल्लंघन करतो. डिंडोलीची हद्द ओलांडून परत येतो."

दसऱ्याच्या सकाळी सायकलीला झेंडूचा हार होता. काकूंनी हँडलवर स्वस्तिक काढलं होतं. काका अंघोळीला गेले होते आणि तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे नाना येऊन गेले. नाना शहाद्याकडचे, यंत्रमागावर फिटर. दसऱ्याला कारखान्यातले सगळे माग पुसायचे, तेल पाजायचे, हार घालायचा, ही त्यांची वर्षानुवर्षांची रीत. काका बाहेर आले तर चकत्या आरशासारख्या चकाकत होत्या.

"पाहिलंत?" काका कौतुकाने मला म्हणाले. "सणाचं तेज."

त्यांनी लाल दोरा कात्रीने कापला. गल्लीतले लोक जमले होते. काका सायकलीवर बसले, दोन पावलं हेलपाटले आणि निघाले. छान निघाले. गल्लीच्या तोंडाशी थोडा उतार आहे आणि उतारापुढे फरसाणाचं दुकान. दसऱ्याला सुरतेत फाफडा-जिलबी घेतल्याशिवाय कोणी घरी जात नाही, त्यामुळे रांग रस्त्यापर्यंत आली होती. काकांनी ब्रेक दाबला. दोन्ही दाबले. ते पाठमोरे असूनही मला त्यांच्या खांद्यांवरून कळलं की मोजणीत काहीतरी चुकलं आहे.

फार वेग नव्हता. सायकल अगदी सभ्यपणे रांगेच्या मध्यात शिरली, एका माणसाच्या हातातला जिलबीचा पुडा उडाला, आणि काका दुकानाच्या बाकड्याला टेकले. पुढचं चाक पापडासारखं वाकलं. मग रांगेच्या शेवटून कोणीतरी ओरडलं, "काका, लाइनमां आवो! लाइनमां!"

काकू धावत पोचल्या. काकांच्या शर्टावर पाक ओघळत होता. काकूंनी आधी त्यांचे दोन्ही पाय तपासले, बोटं वेगळी करून पाहिली. मग वर पाहून दरडावून विचारलं, "तोंडात नाही ना गेली?"

"नाही," काका म्हणाले. "आणि हेच दुःख आहे."

घरी आल्यावर चकतीला बोट लावून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. नाना समोरच उभे होते. त्यांनी काही लपवलं नाही.

"काका, चाक रडी ऱ्हायनं व्हतं, तेल टाकी दिन्हं."

"कुठे रडत होतं? मी महिनाभर खपून त्याचं रडणं थांबवलं होतं!"

"दसराना दिन यंत्र कोरडं ठेवतस का?"

"नाना, ब्रेकला तेल देत नाहीत. तेल दिलं की चकती निसटते, आणि त्या पट्ट्यांनी एकदा तेल प्यायलं की त्या फेकूनच द्याव्या लागतात. ब्रेक घासला पाहिजे."

नाना विचारात पडले. "मंग तुम्ही इतला दिन दुकाने फिरनात ते चाक घासाले नको म्हनून ना?"

"हो."

"नि आते म्हंतस घासाले पाहिजे."

दाबल्यावर घासावं, एरवी घासू नये, एवढं सरळ उत्तर काकांकडे होतं. पण नानांनी यंत्रावर माया केली होती आणि काकांना मायेवर दंड आकारता येत नसे. त्यांनी आत जाऊन नवा लाल दोरा आणला.

पुन्हा फेऱ्या सुरू झाल्या. नव्या पट्ट्या हव्या होत्या, वाकलेल्याच्या जागी नवं चाक हवं होतं. आता काका सकाळी निघायचे ते उन्हं चढल्यावर परतायचे. जाताना ओळखीचे विचारायचे, "काका, पंक्चर?" काका थांबून सविस्तर खुलासा करायचे. पुढे पुढे लोक विचारेनासे झाले. चांदणी पडव्याला, म्हणजे कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, साऱ्या सुरतेने घारी ही तुपाने माखलेली मिठाई खाल्ली, तेव्हा काकांनी एक घारी व्हर्नियरने मोजून तिचा चौथा भाग खाल्ला आणि लगेच चाक खांद्यावर टाकून बाहेर पडले.

दिवाळीनंतर रक्ततपासणी होती. काकू इतक्या घाबरल्या होत्या की मलाही बरोबर घेऊन गेल्या. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, चष्मा काढला, परत लावला. काकांचे तळवे टोचून पाहिले. काका प्रत्येक टोचणीला "हं" म्हणाले. पूर्वी दोन बोटांना काही कळत नसे.

"साहेब, सायकल तमने फावी गई!" डॉक्टर खूश होऊन म्हणाले. सायकल तुम्हाला मानवली. "साखर कितनी नीचे आई! रोज चलाते हो?"

काकांना खोटं बोलता येत नव्हतं. ते म्हणाले, "डॉक्टर, ती सायकल अजून..."

"रोज घेऊन जातात हो," काकू मध्येच म्हणाल्या. "एक दिवस चुकवत नाहीत."

डॉक्टरांनी रिपोर्टवर बरोबरची मोठी खूण केली. परत येताना काकू रस्ताभर काकांच्या पायांकडेच बघत होत्या. डावा, उजवा, डावा, उजवा.

त्यानंतर नवं चाक आलं. या वेळी सहा बोल्टांचं, बरोबर आसाचं. सगळं बसलं. फक्त चकती केसभर आत राहत होती आणि चिमटा त्याच्या भोकांत सरकवून सरकवून शेवटच्या टोकाला आला तरी आतली पट्टी घासत होती. काकांनी यावर खरा इलाज शोधला. चकतीच्या मागे घालायच्या कागदासारख्या पातळ वॉशर. त्या सुरतेत कुठे मिळाल्या नाहीत, म्हणून मुलाला मागवायला सांगितल्या. कुरियर येईपर्यंतही काकांची दुकानांची तपासणी चालूच होती.

पार्सल आलं तेव्हा काका बाहेर होते. मीच दारात घेतलं. काकूंनी कागद फाडून पुडी हातावर ओतली. टिकलीएवढ्या चकत्या, मध्ये भोक.

"हे काय रे?"

"वॉशर, काकू. या मागे घातल्या की चकती मध्ये येते. आता आवाज बंद होणार. सायकल जुळली!"

"जुळली म्हणजे?"

"म्हणजे काका आता बसून जातील. उधन्याला दहा मिनिटांत जाऊन येतील."

काकू हातातल्या चकत्यांकडे बघत राहिल्या. "दहा मिनिटांत," त्या म्हणाल्या. "आणि मग दिवसभर?"

विज्ञानाचा शिक्षक असूनही मला तेव्हाच कळलं की या घरात साखर कशाने उतरली होती. काकूंनी पुडी बांधली, मोहरीच्या डब्यात खोल दाबली आणि वर मोहरी सारखी केली. "तुला कोणी विचारलं तर तू शाळेत होतास," त्या म्हणाल्या. फाटलेलं वेष्टन त्यांनी कचऱ्याच्या बादलीत टाकलं आणि कणीक मळायला घेतली.

काका आले. सायकल व्हरांड्यात लावली, हात धुवायला आत आले आणि बादलीपाशी थांबले. ज्या माणसाने सारी नोकरी काट्यांखाली चिकटवलेल्या चिंचा आणि पोकळ केलेली वजनं शोधण्यात घालवली, त्याच्यापासून काकूंनी वेष्टन लपवून ठेवलं होतं एका उघड्या बादलीत. काकांनी वेष्टन उचललं, त्यावरचं नाव वाचलं, चष्मा वर करून पुन्हा वाचलं. कणकेचा आवाज थांबला.

काकांनी वेष्टनाची घडी घातली. मग घडीची घडी. ती व्हर्नियरच्या शेजारी खिशात सरकवली. मग ते खुर्चीत बसले आणि कितीतरी वेळ आपल्या पावलांकडे पाहत राहिले, बोटं हलवून.

"पार्सल काही आलेलं दिसत नाही," ते म्हणाले.

"नाही," काकू आतून म्हणाल्या. "कुरियरवाल्यांचं काही खरं नसतं."

"बरोबर आहे. उद्या उधन्याला एकदा विचारून येतो."

आत पुन्हा कणीक मळल्याचा आवाज सुरू झाला. मग काकू म्हणाल्या, "उधन्यापेक्षा भेस्तानला मोठी दुकानं आहेत म्हणे."

"भेस्तानला?" काकांनी मनातल्या मनात अंतर मोजलं आणि मान डोलावली. "मग जरा लवकर निघावं लागेल."